सेलू तालुक्यातील फळबागांची हिवाळी निगा

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात डिसेंबर-जानेवारीतील थंडीसाठी फळबागांची जी पूर्वतयारी केली जाते, तिला हिवाळी निगा म्हणता येईल. (परभणी जिल्ह्यातील सेलू हा वेगळा तालुका आहे.) सेलू परिसर केळीसाठी ओळखला जात असे, संत्र्याच्या बागाही येथे आहेत. थंडी केळीला मारक, तर संत्र्याला उपकारक ठरते. त्यामुळे दोन्ही पिकांना एकच उपाय लागू पडत नाही.

हवामान

उत्तरेकडील कोरड्या वाऱ्यांमुळे विदर्भातील रात्रीचे तापमान झपाट्याने उतरते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शेजारच्या नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले.

नाजूक झाडे : केळी

केळी हे उष्ण कटिबंधातील पीक आहे. तापमान सुमारे १० अंशांखाली गेल्यास त्याची वाढ थांबते आणि पाने पिवळी पडतात. याच काळात निसवण आल्यास घड खोडाच्या तोंडाशी अडकतो व फळे नीट पोसत नाहीत. संरक्षणासाठी पुढील उपाय करतात :

* बागेच्या कडेने शेवरीसारख्या झाडांचे वारारोधक कुंपण लावणे.
* रात्री किंवा पहाटे विहिरीचे पाणी देणे. हे पाणी हवेपेक्षा उबदार असते, शिवाय ओली जमीन दिवसाची उष्णता धरून ठेवते.
* घडांवर सच्छिद्र प्लास्टिक पिशव्या घालणे.
* हिरवी पाने न कापणे व बुंध्याशी आच्छादन करणे.

पहाटे शेकोट्या पेटवून धूर करण्याची प्रथाही आहे. मात्र तिचा उपयोग मर्यादित असून वारा असल्यास तो जवळजवळ होत नाही.

काटक झाडे : संत्रा

संत्र्याचे मोठे झाड येथील नेहमीची थंडी सोसते. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून बागेला ताण देतात. थंडी व ताण यांमुळे वाढ थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि ताण सोडल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात. हलकी जमीन लवकर, तर काळी भारी जमीन उशिरा ताणावर येते. नवीन कलमांना मात्र ताण न देता तुराट्यांचा किंवा गवताचा आडोसा करतात.

पाण्याचे नियोजन

केळीला थंडीत पाणी हवे असते, संत्र्याला ते वर्ज्य असते. केळीचे पाणी पाझरून ताणावरील संत्राबागेत गेल्यास बहार फुटत नाही किंवा विस्कळीत येतो. म्हणून दोन्ही बागा एकाच शेतात असल्यास मध्ये चर खोदणे व सिंचनाच्या नळ्या स्वतंत्र ठेवणे आवश्यक ठरते.