व्ही. शांताराम : आदर आणि अतृप्ती

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ साली कोल्हापुरात झाला आणि ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. मराठी बोलपटाचा इतिहास लिहू जाता या पुरुषास टाळून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. तथापि त्यांच्या समग्र कृतींपुढे सारख्याच भक्तिभावाने हात जोडावेत, असे मात्र प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 'प्रभात' स्थापन केली. १९३३ साली ही संस्था पुण्यास आली. पुढील आठ-नऊ वर्षे हा त्यांच्या प्रतिभेचा खरा सुकाळ होय, आणि त्यातही 'कुंकू' (१९३७).

जरठकुमारीविवाहाचा प्रश्न आपल्या समाजास नवा नव्हता. देवलांच्या 'शारदा' नाटकाने १८९९ सालीच तो रंगभूमीवर आणिला होता. पण तेथील विवाह मोडतो तो वधूवर सगोत्र निघाल्यामुळे! 'कुंकू'तील नीरेचे लग्न लागून गेलेले आहे. मामाने तिला फसवून वृद्ध बिजवर वकिलाच्या गळ्यात बांधले आहे, आणि ती पोरकी मुलगी शांतपणे सांगते की हा विवाह मला मान्य नाही. शांता आपटे यांच्या मुद्रेवरील तो निश्चय आजही अंगावर येतो. केशवराव दाते यांनी काकासाहेबांना खलपुरुष होऊ दिले नाही, हेही तितकेच मोठे. या चित्रपटास पार्श्वसंगीत नाही. जुन्या घड्याळाचे ठोके आणि घरातील नित्याचे आवाज, एवढ्यावरच दिग्दर्शकाने काम भागविले. (अखेर तिची सुटका पतीच्या आत्मघातानेच व्हावी, ही उणीव आहेच.) 'माणूस' (१९३९) व 'शेजारी' (१९४१) हे याच संयमाचे चित्रपट होत. 'शेजारी'त मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली. हिंदी 'पडोसी'त मिर्झा तेच राहिले, परंतु हिंदू शेजारी झाले मझहर खान. ज्या दशकात देश फाळणीकडे चालला होता, त्या दशकातील ही योजना आहे.

१९४२ साली 'प्रभात' सुटली आणि मुंबईस 'राजकमल' उभी राहिली. 'दहेज' (१९५०) हुंड्यावरचा; हेतू निर्मळ. पण नीरा नकार देऊन उभी राहते आणि 'दहेज'ची नायिका सोसून सोसून मरते. आपल्या या स्मरणिकेच्या वाचकांतही उपवर कन्यांचे मातापिता पुष्कळ आहेत. मुलींना कोणता चित्रपट दाखवावा, असे त्यांनी विचारल्यास लेखक क्षणाचाही विलंब न लावता 'कुंकू' म्हणेल.

पुढे 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) व 'नवरंग' (१९५९) यांत रंग, नृत्य व नेपथ्य यांचा पूर आला. लोकांनी ते डोक्यावर घेतले. लेखकाच्याही घरात ती गाणी गुणगुणली गेली. रंगांचा हा सोस जुनाच होता. १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी जर्मनीपर्यंत मजल मारून ते अपयश घेऊन परतले होते. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली घडलेल्या माणसास रंगांचा मोह पडावा यात नवल नाही. खेद इतकाच की घड्याळाच्या एका ठोक्यात जे सामावत होते, त्यासाठी आता कारंजी लागू लागली.

आणि तरीही याच दोन रंगीत चित्रपटांच्या मध्ये, १९५७ साली, कृष्णधवल 'दो आँखें बारह हाथ' येतो. औंध संस्थानातील खुल्या कारागृहाच्या प्रयोगावरून कथा सुचलेली, लेखणी ग. दि. माडगूळकरांची, सहा खुनी कैदी, एक तुरुंगाधिकारी आणि माळरान. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली त्याचा गौरव झाला. म्हणजे संयमाची विद्या ते विसरले नव्हते. त्यांनी ती बाजूस ठेविली होती, आणि लेखकाची तक्रार नेमकी हीच आहे.

१९७२ च्या 'पिंजरा'त दोन्ही शांताराम एकाच पडद्यावर दिसतात. संध्याबाईंच्या नृत्यांचा सोहळा मनमुराद चालतो. आणि दुसरीकडे डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर स्वतःच्याच खुनाचा आरोप माथी घेऊन निमूट उभे असतात, तर गाव त्याच मास्तरांना देवासमान मानीत असतो.