द जर्नलिस्ट अँड द मर्डरर

'द जर्नलिस्ट अँड द मर्डरर' (शब्दशः अर्थ : पत्रकार आणि खुनी) हे अमेरिकन लेखिका व पत्रकार जॅनेट माल्कम (८ जुलै १९३४ – १६ जून २०२१) यांचे पत्रकारितेच्या नीतीविषयीचे पुस्तक आहे. हे लेखन प्रथम मार्च १९८९ मध्ये 'द न्यू यॉर्कर' या साप्ताहिकात दोन भागांत प्रसिद्ध झाले आणि १९९० मध्ये आल्फ्रेड ए. नॉफ या प्रकाशनसंस्थेने ते पुस्तकरूपाने काढले. ज्या व्यक्तीविषयी लिहायचे, तिचा विश्वास संपादन करताना पत्रकाराने कोणती मर्यादा पाळावी, हा या पुस्तकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. मॉडर्न लायब्ररीने केलेल्या विसाव्या शतकातील १०० उत्कृष्ट इंग्रजी ललितेतर पुस्तकांच्या यादीत त्याला ९७वे स्थान मिळाले आहे.

पार्श्वभूमी

१७ फेब्रुवारी १९७० रोजी पहाटे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर जेफ्री मॅकडोनाल्ड या लष्करी डॉक्टरची गरोदर पत्नी आणि दोन लहान मुली यांची हत्या झाली. बाहेरून आलेल्या हल्लेखोरांनी हे कृत्य केले, असे मॅकडोनाल्ड यांचे म्हणणे होते. लष्करी चौकशीनंतर त्यांच्यावरील आरोप त्याच वर्षी मागे घेण्यात आले. मात्र पुढे प्रकरण पुन्हा उभे राहिले आणि १९७९ मध्ये राले येथील संघीय न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला.

खटल्यापूर्वी मॅकडोनाल्ड यांची ओळख जो मॅकगिनिस या पत्रकाराशी झाली. १९६८च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील प्रचारावर लिहिलेल्या पुस्तकामुळे मॅकगिनिस प्रसिद्ध होते. मॅकडोनाल्ड यांच्यावर पुस्तक लिहायचे आणि त्याच्या उत्पन्नाचा काही भाग त्यांना द्यायचा, असा करार झाला. त्यानुसार मॅकगिनिस बचावपक्षाच्या वकिलांसोबत एकाच निवासात राहिले आणि त्यांच्या खाजगी चर्चांनाही हजर राहू लागले. खटल्यात मॅकडोनाल्ड दोषी ठरले व त्यांना तीन जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या.

शिक्षेनंतरही मॅकगिनिस त्यांना आपुलकीची व सहानुभूतीची पत्रे लिहीत राहिले. मॅकडोनाल्ड त्यांना आपला मित्र मानत होते आणि पुस्तकातून आपले निरपराधित्व जगासमोर येईल, अशी त्यांची समजूत होती. १९८३ मध्ये 'फेटल व्हिजन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात मॅकडोनाल्ड यांचे चित्रण आत्मकेंद्रित आणि निर्दय खुनी असे केलेले होते.

दिवाणी खटला

१९८४ मध्ये मॅकडोनाल्ड यांनी तुरुंगातूनच मॅकगिनिस यांच्यावर फसवणूक व करारभंगाचा दावा लावला. हा खटला १९८७ मध्ये लॉस एंजेलिस येथे चालला. मॅकगिनिस यांची पत्रे हाच फिर्यादी पक्षाचा मुख्य पुरावा होता. ती वाचून दाखवली जात असताना लेखकाचे मनातले मत आणि पत्रातले शब्द यांतील अंतर उघड होत गेले. मॅकगिनिस यांच्या बाजूने विल्यम एफ. बकली आणि जोसेफ वॉम्बॉ या लेखकांनी साक्ष दिली. माहिती मिळवण्यासाठी लेखकाला कधी कधी आपले खरे मत झाकावे लागते, असा त्यांच्या साक्षीचा आशय होता.

सहा ज्युरींपैकी पाच जण शिक्षा झालेल्या कैद्याच्या बाजूचे होते. एकमत न झाल्याने खटला निर्णयाविना संपला आणि पुढे ३,२५,००० डॉलरवर तडजोड झाली. मॅकगिनिस यांच्या वकिलांनी अनेक पत्रकारांना पत्रे पाठवून या खटल्यामुळे वृत्तपत्रस्वातंत्र्य धोक्यात येत असल्याचा इशारा दिला. त्यांपैकी एक पत्र माल्कम यांना आले आणि त्यातून या पुस्तकाचा उगम झाला. मॅकगिनिस यांनी पहिल्या भेटीनंतर त्यांना मुलाखती देणे थांबवले.

आशय

पत्रकाराचा व्यवसाय नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही आणि जाणत्या पत्रकाराला हे ठाऊक असते, असे ठाम विधान करून माल्कम आरंभ करतात. मुलाखत देणारी व्यक्ती आपले मन मोकळे करते, ऐकणारा आपलाच आहे असे मानते आणि छापील मजकूर हाती आल्यावर दुखावली जाते. मॅकगिनिस हे याचे टोकाचे उदाहरण असले, तरी प्रत्येक मुलाखतीत या फसगतीचे बीज असतेच, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मॅकडोनाल्ड खरोखर दोषी आहेत का, या प्रश्नाचे उत्तर हे पुस्तक देत नाही. त्याऐवजी लेखनकलेतील एक अडचण त्यात मांडली आहे. काही माणसे बोलू लागताच कथेतील पात्रांसारखी जिवंत होतात. मॅकडोनाल्ड यांचे बोलणे मात्र सामान्य आणि सपाट होते. कादंबरीकार अशा वेळी पात्र बदलू शकतो, पण ललितेतर लेखकाला ती मुभा नसते.

उत्तरलेखात माल्कम यांनी अवतरणांचा प्रश्न घेतला आहे. ध्वनिमुद्रित बोलणे जसेच्या तसे उतरवल्यास ते वाचनीय राहत नाही, म्हणून लेखकाला ते गद्यात आणावे लागते, असे त्या सांगतात. पत्रकारी लेखनातील 'मी' हीदेखील बव्हंशी रचलेली व्यक्तिरेखा असते, आत्मचरित्रातील 'मी' नव्हे, असे त्यांचे मत आहे.

टीका आणि माल्कम यांच्यावरील दावा

पुस्तकावर पत्रकारांकडून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. एका प्रकरणावरून संपूर्ण व्यवसायाला दोषी ठरवले, हा मुख्य आक्षेप होता. मॅकगिनिस यांनी 'फेटल व्हिजन'च्या नव्या आवृत्तीस जोडलेल्या मजकुरात माल्कम यांचे आरोप नाकारले.

दुसरा आक्षेप माल्कम यांच्यावरच उलटणारा होता. त्यांच्या 'इन द फ्रॉइड आर्काइव्ह्ज' (१९८४) या लेखनातील अवतरणे बनावट असल्याचा आरोप करून मनोविश्लेषक जेफ्री मॅसन यांनी त्यांच्यावर बदनामीचा दावा लावलेला होता. स्वतःवरील दावा लपवून त्यांनी दुसऱ्याच्या खटल्यावर लिहिले, असे टीकाकार म्हणत. दोहोंचा असा संबंध माल्कम यांनी अमान्य केला. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या दाव्यात असा निकाल दिला, की अवतरणातील शब्द जाणूनबुजून बदलणे एवढ्यावरून लेखक दोषी ठरत नाही; अर्थात मूलभूत फरक पडला, तरच तो बदल असत्य मानता येईल. १९९४ मध्ये ज्युरींनी माल्कम यांच्या बाजूने निर्णय दिला.

प्रभाव

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमांत हे पुस्तक आज मोठ्या प्रमाणावर वाचले जाते. चित्रपट दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांनी 'अ विल्डरनेस ऑफ एरर' (२०१२) या पुस्तकात मॅकडोनाल्ड प्रकरणाच्या पुराव्यांची नव्याने छाननी केली. अपराधाचा प्रश्न बाजूला ठेवण्याची माल्कम यांची भूमिका त्यांना मान्य नव्हती. एक माणूस तुरुंगात असताना सत्य शोधणे हेच लेखकाचे पहिले काम आहे, अशी त्यांची धारणा होती. मॅकगिनिस यांचे २०१४ मध्ये निधन झाले. मॅकडोनाल्ड यांनी आपण निरपराध असल्याचा दावा कधीही सोडलेला नाही.