जुन्या गाडीला टर्बो

वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून इंजिनात जादा हवा दाबण्याची, म्हणजेच टर्बोची, कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 मध्ये पेटंट करून घेतली. जहाजे आणि विमानांत ती रुजली, पण प्रवासी मोटारीत यायला 1962 साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेर या टर्बोगाड्या निघाल्या.

जेटफायरचा कॉम्प्रेशन रेशो 10.25 इतका चढा होता. इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकू नये म्हणून तिच्यात पाणी व मिथेनॉलचे मिश्रण सोडावे लागे. ते संपले की ताकद घटे, आणि कित्येक मालक ते भरतच नसत. जुन्या स्पोर्ट्‌स कारसाठी टर्बो किट निवडणाऱ्याने हा धडा आधी लक्षात घ्यावा. इंजिन किती दाब सोसेल हे पिस्टन, गॅस्केट आणि कॉम्प्रेशन रेशो ठरवतात. त्यानंतर इंधनपुरवठा, दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर, टर्बोच्या बेअरिंगला मिळणारे तेल. टर्बोचा आकार शेवटी. मोठा टर्बो खालच्या वेगात सुस्त राहतो, हे दुखणे साब कंपनीने 1970 च्या दशकात लहान टर्बो आणि जादा धूर बाजूला वळवणारी वेस्टगेट ही झडप वापरून बरेच कमी केले.

कारखान्यातच टर्बो बसवल्याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण रांजणगावचे. तिथे बनलेल्या फियाट लिनिया टी-जेटमध्ये 1.4 लिटरचे टर्बो इंजिन 114 अश्वशक्ती देई. 2015 च्या अबार्थ पुंटोत त्याच क्षमतेच्या टी-जेटने 145 दिली. कारखान्यात जुळवलेली इंजिन-टर्बोची अशी जोडी घरगुती किटपेक्षा केव्हाही भरवशाची.

किट बसवण्याआधी कायदाही पाहावा: मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही.