सिंहगडाच्या कथेतील स्त्रिया

मंडळात शिवकालाविषयी बोलावयास उभी राहिले की एक प्रश्न हटकून येतो : "बाई, ती घोरपड खरी का हो?" प्रश्न साधा, पण बखरकार, शाहीर व कादंबरीकार हे तिघेही त्याच्या पोटात दडलेले आहेत.

1665 च्या पुरंदरच्या तहात कोंडाणा मोगलांकडे गेला आणि 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी प्राण वेचून तो परत मिळविला, एवढे निश्चित. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराममहाराजांच्या काळी लिहिलेल्या बखरीत मावळे वानरांसारखे कडा चढून जातात. घोरपडीचे नाव नाही. महाराजांच्या तोंडी त्याने घातलेल्या उद्गारांत सिंहही नाही. एक गड हाती आला, दुसरा गेला, असा तो हिशेब आहे. सिंहगड हे नाव तर 1663 च्या पत्रातच आढळते!

घोरपड आणली शाहिराने. तुळशीदासाचा हा पोवाडा ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या 1891 च्या संग्रहात छापला गेला. त्यात जिजाऊसाहेब प्रतापगडावर केस विंचरीत बसल्या असता त्यांच्या दृष्टीस सिंहगड पडतो. (प्रतापगडावरून तो दिसेल कसा, हे शाहिराला विचारू नये.) त्या शिवरायांना राजगडाहून बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात, जिंकतात, आणि मागतात काय, तर तो गड!

1903 साली हरिभाऊ आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी आली. तीत सती जाण्यास निघालेली रजपूत विधवा कमलकुमारी उदयभानाच्या कैदेत सापडते, आणि गड घेणे म्हणजे अबलेची सुटका असे रूप कथेला येते. बाबूराव पेंटरांनी 1923 साली या कादंबरीवर मूकपट काढला. 2020 च्या हिंदी चित्रपटातही उदयभानाच्या कैदेतील राजकन्या आहेच. नवल वाटते ते असे की, 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये ज्या हरिभाऊंनी यमूला आपले दुःख स्वतःच्या तोंडाने सांगू दिले, त्यांचीच ही कमलकुमारी नुसती वाट पाहत बसते. विधवेचा प्रश्न त्यांच्या काळजाशी होता, म्हणून ती कथेत शिरली हे मी समजू शकते. पण ती माझ्या मनात भरत नाही.

जिजाऊंचे तसे नाही. सोंगट्या कल्पित असतील. मागण्याचा अधिकार कल्पित नव्हता. 1666 मध्ये महाराज आग्र्यास गेले तेव्हा राज्याचा भार त्यांच्याच देखरेखीखाली होता. दादला लढाईवर, मुलगा मोहिमेवर, आणि मागे कारभार पाहणारी बाई, हे शाहिराच्या श्रोत्यांनी घरोघर पाहिलेले असणार. तिला त्याने विंचरायला फणी दिली आणि खेळायला फासे दिले. माझ्या नातींना मी हा डाव सांगते, शाहिराने रचलेला म्हणूनच सांगते; आणि धाकटी दर वेळी विचारते, जिजाऊ हरल्या असत्या तर?