संपादकांस पत्र

मराठी वर्तमानपत्रांच्या इतिहासाविषयीं आपण बोलूं लागलों, म्हणजे बहुधा संपादकांविषयींच बोलतों. बाळशास्त्री जांभेकर, भाऊ महाजन, आगरकर, टिळक हीं नांवें आपल्या तोंडीं बसलेलीं आहेत, आणि तीं बसावीं हें योग्यच आहे. परंतु त्याच अंकांत, उरेल तेवढ्या जागेंत, आणखी एक वर्ग लिहीत होता. त्यास वेतन नव्हतें. त्याचें खरें नांवही पुष्कळदां कोणास ठाऊक नसे. हा वर्ग म्हणजे पत्र लिहिणारा वाचक. त्याला वर्तमानपत्रांत जागा मिळाल्यानें काय घडलें, आणि ती जागा खुली ठेवण्याची किंमत कोणीं दिली, हें आज थोडक्यांत पाहावयाचें आहे.

छापील पत्रें निघण्यापूर्वीं गांवांत वार्ता कळण्याचीं ठिकाणें दोन: दवंडी आणि चावडी. दवंडीचा हुकूम ऐकावयाचा असतो. दवंडी पिटणाऱ्यास उलट प्रश्न विचारून कांहीं उपयोग नसतो. चावडीवर प्रश्नोत्तरें होत, पण तेथें कोणीं बसावें, कोणीं दूर उभें राहावें आणि कोणीं मुळींच येऊं नये, हें जातीनें व वतनानें ठरलेलें असे. स्त्रियांचा तर तेथें संबंधच नव्हता. ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत ‘दर्पण’ निघालें, तें या दोहोंहून निराळ्या प्रकारचें होतें. बाळशास्त्री त्या वेळीं विशीच्या उंबरठ्यावर होते. एका रकान्यांत इंग्रजी, शेजारच्या रकान्यांत मराठी, अशी त्याची मांडणी होती. वाचकांनीं धाडलेला मजकूर छापण्याची चाल या पहिल्या पिढींतच पडली, आणि १८४० सालीं ‘दर्पण’ बंद पडलें तरी चाल मोडली नाहीं.

या चालीचें सामर्थ्य किती होतें, हें प्रथम एका इंग्रजी पत्रांत दिसून आलें. १८४१ सालीं ‘बाँबे गॅझेट’ या मुंबईच्या पत्रांत ‘एक हिंदू’ या सहीनें आठ पत्रें प्रसिद्ध झालीं. इंग्रजांचें राज्य ही या देशावर झालेली कृपा होय, असें जें तेव्हां सर्वत्र सांगितलें जाई, त्यावर या पत्रांचा उघड हल्ला होता. देशाचा पैसा बाहेर वाहून जातो, येथील कारागिरी बुडाली, राज्य व्यापाऱ्याच्या नफ्यासाठीं चाललें आहे, असा त्यांचा आशय. लिहिणारे गृहस्थ भास्कर पांडुरंग तर्खडकर. व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे बंधु. वय सुमारें पंचवीस. दादाभाई नौरोजी यांनीं संपत्तीच्या अपहाराचा विषय लंडनमध्यें मांडला तो १८६७ सालीं. म्हणजे हीं पत्रें त्यापूर्वीं सव्वीस वर्षांचीं! भास्कर पांडुरंग १८४७ सालींच वारले. त्यांनीं ग्रंथ लिहिला नाहीं, सभा स्थापिली नाहीं, पत्र काढलें नाहीं. गोऱ्यांच्या मालकीच्या पत्रांतील थोडी जागा त्यांना मिळाली, आणि तेवढ्यावर त्यांचें नांव इतिहासांत राहिलें.

मराठींत हेंच काम सात वर्षांनीं झालें. भाऊ महाजन यांनीं २४ ऑक्टोबर १८४१ रोजीं मुंबईंत ‘प्रभाकर’ साप्ताहिक काढलें होतें. त्यांत १८४८ सालच्या मार्च महिन्यापासून पुण्याहून पत्रें येऊं लागलीं. खालीं सही ‘लोकहितवादी’. नांव मोठें, पण माणूस पंचवीस वर्षांचा, सरकारी नोकरींतला, गोपाळ हरि देशमुख. तीं पत्रें ‘शतपत्रें’ म्हणून ओळखलीं जातात. मोजलीं तर एकशें आठ भरतात. विद्या, विधवाविवाह, जातीचा अभिमान, अर्थ न कळतां केलेलें पाठांतर, परदेशी माल, राज्यकारभार, असा एकही विषय त्यांनीं सोडला नाहीं, आणि स्वतःच्या ब्राह्मण जातीवर तर त्यांनीं कोणाचीही भीड न धरतां कोरडे ओढले. येथें माझें मत सांगतों. लोकहितवादींची भाषा ओबडधोबड आहे, एकच गोष्ट ते चार वेळां सांगतात, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं पुढें निबंधमालेंत त्यांच्यावर जी झोड उठविली, तींतील भाषेसंबंधाचा कांहीं भाग मला खरा वाटतो. परंतु हा ओबडधोबडपणाच त्यांच्या पत्रांचा प्राण आहे. पंडित ग्रंथ लिहितांना चार वेळां विचार करतो. टपाल निघण्याच्या आंत पत्र धाडणारा मनुष्य मनांत असेल तें लिहून मोकळा होतो.

आतां त्या टोपण सहीविषयीं. आजच्या शाळांतून मुलांस ‘संपादकांस पत्र’ लिहावयास सांगतात. वर दिनांक, डावीकडे ‘मा. संपादक यांस’, खालीं नांव व पत्ता. विषय बहुधा गल्लींतील तुंबलेलें गटार. असलीं शेंकडों पत्रें मीं तपासलीं आहेत, आणि नांव-पत्ता विसरणाऱ्याचे गुण नियमानें कापले आहेत. या नियमानें भास्कर पांडुरंग आणि गोपाळराव दोघेही अर्ध्या गुणांचेच धनी ठरते. पण त्या काळीं नांव झांकणें हा कांहीं लपंडाव नव्हता. नोकरी, बिरादरी, घर, या तिन्हींच्या कचाट्यांत सांपडलेल्या माणसास खरें बोलण्याची तेवढीच एक वाट होती.

टपालाचाही यांत मोठा वांटा आहे. पूर्वीं अंतराप्रमाणें हंशील पडे, त्यामुळें दूरच्या वाचकास पत्र धाडणें महाग. १८५४ सालीं साऱ्या देशास अंतर न पाहतां एकच दर लागू झाला. हलक्या पत्रास अर्धा आणा. १८७९ च्या जुलैंत एका पैशाचें पोस्टकार्ड निघालें. मग तालुक्याच्या गांवचा कारकून किंवा शाळामास्तरही मुंबईपुण्याच्या संपादकास आपलें म्हणणें कळवूं शकूं लागला. अंक एकजण मोठ्यानें वाची आणि चारचौघे ऐकत. त्यामुळें ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याही कानांवर तें पत्र जाई.

ही जागा सर्वांस सारखी खुली होती, असें मात्र समजूं नये. पुण्याच्या एका मुलीचा निबंध येथें आठवला पाहिजे. मुक्ता नांवाची मातंग समाजांतील ही मुलगी, जोतीराव फुले यांच्या शाळेंतील विद्यार्थिनी, वय चौदाच्या सुमारास. तिनें ‘मांगमहारांच्या दुःखाविषयीं’ निबंध लिहिला. तो छापला १८५५ सालच्या फेब्रुवारी व मार्चमध्यें, ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मिशनच्या पत्रानें. वेद जर आम्हांस वर्ज्य, तर आमचा धर्म तो कोणता, असा त्या पोरीचा सरळ प्रश्न होता. ‘ज्ञानोदय’कारांचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें उघड आहे, परंतु जागा त्यांनीं दिली, हेंही तितकेंच उघड आहे.

येथवर जागा देण्याचें पुण्य पाहिलें, आतां जोखीम. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजीं निघाला. त्या वर्षाच्या अखेरीस कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींच्या हालांविषयीं त्यांत मजकूर येऊं लागला. महाराजांस वेडे ठरवून कोंडलें आहे, त्यांस छळलें जातें, आणि यांत दिवाण माधवराव बर्वे यांचें अंग आहे, असा तो आरोप. आधार काय? तर बर्व्यांचीं म्हणून दाखविलेलीं कांहीं पत्रें बाहेरच्या लोकांकडून हातीं आलीं होतीं. संपादकांनीं तीं खरीं मानलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि पत्रें बनावट ठरलीं. ‘केसरी’चे आगरकर व ‘मराठा’चे टिळक यांनीं दिलगिरी प्रदर्शित केली, तरी १८८२ च्या जुलैंत दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढून ते ऑक्टोबरच्या अखेरीस सुटले. आगरकरांनीं त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलें. ज्यांच्यासाठीं हें सारें झालें, ते छत्रपति १८८३ च्या २५ डिसेंबरास अहमदनगर येथें मरण पावले.

या खटल्याचें वर्णन सामान्यतः दोन देशभक्तांचा पहिला तुरुंगवास असें केलें जातें. तें खरेंच आहे. परंतु त्यांत दुसरी एक गोष्ट आहे. बाहेरून आलेला कागद छापला, म्हणजे तो छापणाऱ्याचा होतो. ‘पत्रांतील मतांशीं संपादक सहमत असतीलच असें नाहीं’ ही ओळ वाचकासाठीं ठीक आहे. न्यायालयांत ती ढाल फार पातळ ठरते. टिळक-आगरकरांचा हेतु स्वच्छ होता, महाराजांविषयींची कळकळ खरी होती; पण कागद कोणीं लिहिला, याची खात्री त्यांनीं पुरेशी केली नव्हती, असें मी म्हणेन. नांव झांकून खरें लिहिणारा आणि दुसऱ्याचें नांव घालून खोटें लिहिणारा, दोघांचेंही टपाल एकाच पेटींतून येतें. संपादकास तीं दोन निवडून काढावीं लागतात, आणि निवड चुकली तर तुरुंगांत तो जातो.

त्याच १८८२ सालीं वाचकाच्या उत्तराला वर्तमानपत्राची जागा अपुरी पडल्याचें उदाहरणही घडलें. सुरतच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेस बालहत्येबद्दल १८८१ सालीं फांशीची शिक्षा झाली. पुढें ती कमी झाली. त्या निमित्तानें पत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर ताशेरे निघाले. त्यांत ‘पुणेवैभव’ अग्रभागीं होतें. तें वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या. त्यांचें उत्तर एका पत्रांत मावणारें नव्हतें. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तकच त्यांनीं छापून काढलें, आणि तेंही आपल्या नांवानें. आपल्या समाजानें तें पुढें कित्येक दशकें विसरून टाकलें.

तीन वर्षांनीं, १८८५ सालीं, मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या सहीनें बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांवर पत्रें आलीं. त्या रखमाबाई होत्या. लहानपणीं लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जावयास त्यांनीं नकार दिला होता आणि त्यांच्यावर दावा चालूं होता. १८८७ सालीं न्यायालयानें नवऱ्याकडे जा, नाहीं तर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम केला, तेव्हां त्या तुरुंगास तयार झाल्या. पुढें तडजोड झाली, त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. ‘केसरी’ या वादांत त्यांच्या विरुद्ध बाजूस होता. अन्यायाविरुद्ध लिहून तुरुंग भोगलेल्या पत्रास रखमाबाईंचा अन्याय दिसूं नये, याचें मला अजूनही वाईट वाटतें.

जोतीराव फुल्यांनीं मात्र टोपण नांवाचा आश्रय घेतला नाहीं. १८८५ सालीं पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरली, तिचें निमंत्रण न्यायमूर्ति रानडे यांच्याकडून त्यांस गेलें. सर्व मनुष्यांचे हक्क जे मनापासून मानीत नाहींत, त्यांच्या सभांशीं आमचा मेळ बसणार नाहीं, अशा आशयाचें उत्तर त्यांनीं धाडलें. तें ‘ज्ञानोदया’नें जूनमध्यें छापलें. ग्रंथकार सभेंतील भाषणें आज किती जणांस आठवतात? तें पत्र मात्र अजून वाचलें जातें.

शेवटचें उदाहरण पुढच्या शतकांतलें आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलें. जे प्रश्न वडिलांस, नवऱ्यास किंवा डॉक्टरासही विचारण्याची सोय नव्हती, ते शरीराविषयींचे व संसाराविषयींचे प्रश्न वाचक त्यांच्याकडे लिहून धाडीत, आणि कर्वे आडपडदा न ठेवतां उत्तर छापीत. १९३४ सालीं अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनें उच्च न्यायालयांत उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर, ज्यांनीं स्वतः १९२० सालीं ‘मूकनायक’ काढलें होतें. जें मासिक लैंगिक शिक्षणासाठींच चालतें, त्यानें वाचकाच्या शंकेचें समाधान करणें हें अश्लील कसें, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मान्य झाला नाहीं. कर्व्यांनीं दंड भरला आणि मासिक पुढें चालविलें. तें थांबलें १९५३ सालीं, त्यांच्या मृत्यूबरोबर.