दिनविशेष : १३ एप्रिल
कार्लेस पुयोल यांचा जन्म (१९७८)

स्पेनचे नामवंत फुटबॉल बचावपटू कार्लेस पुयोल यांचा आज जन्मदिन. कातालोनियातील ला पोब्ला दे सेगूर या डोंगरपायथ्याच्या गावात ते वाढले. लहानपणी ते गोलरक्षक होते, पुढे आघाडीलाही खेळले. १७ व्या वर्षी ते बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ अकादमीत दाखल झाले. ऑक्टोबर १९९९ मध्ये प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी त्यांना मुख्य संघात पहिली संधी दिली.

उजव्या बगलेचा हा बचावपटू पुढे मध्य बचावाचा आधारस्तंभ बनला. तरीही संघाला गरज पडेल तिथे ते उभे राहत. २००९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात उजव्या बगलेचे नेहमीचे बचावपटू दानी आल्वेस निलंबित होते, तेव्हा पुयोल पुन्हा उजव्या बगलेवर खेळले आणि बार्सिलोनाने करंडक जिंकला. २०१० च्या विश्वचषकात ते मध्य बचावात होते. डर्बनमधील उपांत्य सामन्यात सहकारी झावीच्या कॉर्नरवर झेपावत त्यांनी हेडरने केलेल्या एकमेव गोलमुळे स्पेनने जर्मनीला नमवले.

२००४ पासून ते बार्सिलोनाचे कर्णधार होते. २०११ मध्ये वेम्बलीवर चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर, यकृतातील गाठीच्या शस्त्रक्रियेतून सावरलेल्या सहकारी एरिक आबिदालला त्यांनी करंडक उंचावण्याचा मान दिला. त्यांच्या नेतृत्वाचे मोठेपण त्या एका कृतीत दिसले.

देशासाठी १०० आणि बार्सिलोनासाठी ५९३ सामने खेळून २०१४ मध्ये ते निवृत्त झाले. व्यावसायिक कारकिर्दीत त्यांनी दुसऱ्या क्लबची जर्सी कधीच घातली नाही.