कंजुषाची कवडी

सहावीत असताना मी गुरुजींना विचारलं होतं, "गुणाकार केला की संख्या वाढते ना? मग अर्ध्याला अर्ध्याने गुणल्यावर पाव कसा होतो?" गुरुजी म्हणाले, "अंशाला अंशाने गुण, छेदाला छेदाने गुण. नियम आहे, पाठ कर." मी पाठ केला. मार्कही मिळाले. शंका मात्र बी. ए. होईपर्यंत तशीच राहिली.

तिचं उत्तर दिलं ते बाराव्या शतकातल्या एका कंजुषाने. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या 'लीलावती'त हा भेटतो. त्याच्या दारी एक याचक येतो. कंजूष त्याला देतो काय? तर द्रम्म नावाच्या नाण्याच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पाचवा भाग, त्याचा सोळावा आणि त्याचाही पाव हिस्सा! सांगा, कवड्या किती दिल्या?

गुरुजींचा नियम लावू. अंशांचा गुणाकार ६, छेदांचा ७६८०. दोन्हींना सहाने भागलं की उरतो एक छेद १२८०. द्रम्माचे सोळा पण, पणाच्या चार काकिणी, काकिणीच्या वीस कवड्या. म्हणजे द्रम्माच्या कवड्या बरोबर १२८०. याचकाच्या हातावर पडली एक कवडी!

हे वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. अपूर्णांकाने गुणणं म्हणजे 'चा' म्हणणं. अर्ध्याचा अर्धा, पावाचा पाव. हिश्शाचा हिस्सा घेतला तर तो लहानच होणार. कंजुषाने हेच हिस्से उलट क्रमाने घेतले असते, तरी कवडी एकच पडली असती. गुणाकाराला क्रमाशी देणंघेणं नसतं.

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला. त्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात आहे. पुढे १५८७ साली अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने 'लीलावती' फारसीत नेली. एका कवीला दुसऱ्या भाषेतलं गणित आपलंसं वाटलं, याचा मला, एका कवीला, फार आनंद होतो.

पण खरी गंमत पुढेच आहे. आमचे अब्बा कापडाच्या दुकानात बसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी त्यांना तोंडपाठ. सवायकीपासून पुढे, म्हणजे औटकीच्या साडेतीनपर्यंत, गुणलेली संख्या वाढते. पावकी, निमकी, पाऊणकीत ती घटते. गुणणारा एकाहून मोठा की लहान, एवढाच फरक. माझ्या प्रश्नाचं उत्तर रोज घरात गुणगुणलं जात होतं. मी ते शाळेत विचारलं, अब्बांना कधी विचारलंच नाही.